सुनेच्या मापाचा अंगरखा

माझी सून जाड आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी आडून आडून बोलायला नको. लग्न होऊन आली तेव्हाही भरलेली होती, बाळंतपणांनी आणखी भरली, आणि आता परंड्याच्या बाजारातून चालली की लोक बाजूला होतात. आदरानं होतात की जागेसाठी, ते त्यांचं त्यांना माहीत. मी शिवणकाम करते. माझ्या दृष्टीनं जाड अंग म्हणजे जास्त कापड. त्यात लाजायचं काय आणि हसायचं काय, हे मला या वयातही कळलेलं नाही.

पण एक गोष्ट लपवण्यासारखी नाही. घरात मशीन असून, सासू दिवसभर गावाचं शिवत असून, माझी सून स्वतःची पोलकी बार्शीला शिवून आणते. अजूनही. बाया मला विचारतात, असं कसं हो काकू? मी सांगते, बार्शीचा टेलर चांगला आहे. खरं कारण असं की तिला मला माप द्यायचं नाही. सासूला एकदा माप कळलं की रोजच्या भांडणात तो आकडा येणार, असं तिला वाटतं. तिचं चूक नाही. माझं तोंड तसंच आहे.

आमचं घर शिंप्याचं. मी चौथी शिकले आणि सासरी आले ती थेट काज-बटणाला बसले. सासऱ्यांच्या दुकानात बाईनं सुई धरायची, कातर नाही. कापणं हे पुरुषाचं काम. नवरा गेल्यावर मी खुंटीवरची कातर खाली काढली. सासरे म्हणाले, "बाईच्या हातची कातर तिरकी चालती." मी म्हटलं, "परकराच्या कळ्या तिरक्याच कापायच्या असतात, मामा." ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग गिऱ्हाईक वाढलं तसे बोलायला लागले.

हे सगळं जुनं. सांगायचं आहे ते मागच्या वर्षीच्या नवरात्रातलं.

आमच्या भागातल्या बचत गटाच्या बायांनी नाटक करायचं ठरवलं. सगळ्या बायाच, पुरुषांची कामंही बायांनीच करायची. हायस्कूलमधून रिटायर झालेले एक सर आहेत, त्यांनी नाटक लिहिलं. किल्ल्याला वेढा पडलाय, धान्य संपत आलंय, आणि किल्लेदार चाव्या द्यायला तयार नाही, एवढीच गोष्ट. असं खरंच कुठं घडलं का, ते मी सरांना विचारलं नाही. गावात किल्ला आहे म्हणल्यावर नाटकात किल्ला यायचाच.

किल्लेदाराचं काम सुनेला दिलं होतं, तिच्या आवाजामुळं. ती गच्चीवरून भाजीवाल्याला हाक मारते तर पुढच्या गल्लीतला थांबतो. महिनाभर तिनं ते बोलणं भांडी घासताना पाठ केलं. मी ओट्यावर मशीनला बसायची आणि आतून ऐकू यायचं, "चाव्या माझ्या कमरेला आहेत. या आणि घ्या." मधूनच पातेलं आपटल्याचा आवाज. मी कधी चांगलं म्हणाले नाही. पण तेवढ्यापुरतं मशीन थांबवायची, हे तिला ऐकू येत असणार.

आमच्या दोघींचं कधी फार जमलं नाही. तिला माझं सकाळी लवकर उठणं खुपतं, मला तिचं मिठाचं प्रमाण. पण त्या महिन्यात ती वेगळी झाली होती. चालताना पाऊल टाकायची ते टाकलेलं कळायचं. बाई चाळिशी ओलांडते तेव्हा तिच्याकडं कुणी नवीन काही मागत नाही. स्वयंपाक, शेंगा फोडणं, पाहुणे, दवाखाना. हिच्याकडं कुणीतरी आवाज मागितला होता.

मग एके दिवशी ती तालमीहून दुपारीच परत आली. चप्पल काढली, पर्स खुंटीला लावली आणि अवेळी पीठ मळायला बसली. त्या वेळी कुणाला भाकरी नको होती.

मी विचारलं, "काय गं, तालीम लवकर सुटली?"

"मी सोडलं नाटक."

"सोडलं का सोडवलं?"

ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "बार्शीहून भाड्याचे कपडे आल्यात आत्या. किल्लेदाराचा अंगरखा मला बसंना. टाचण्या लावल्या तर पाठीत उसवला. सर म्हणले, पार्लरवालीला किल्लेदार करू. मला दासी दिली."

पार्लरवाली म्हणजे एस्टी स्टँडकडच्या रस्त्याला ब्यूटी पार्लर चालवते ती. छडीसारखी सडपातळ आहे. बाई वाईट नाही.

"अन् दासीचा कपडा बसतो का?"

"दासीला साडी असती. आपापल्या घरची."

"हसल्या का बाया?"

"न्हाय ना. तेच तर. सगळ्या गप बसल्या."

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला. खताच्या दुकानात कामाला आहे तो. त्याला कळल्यावर म्हणाला, "बरं झालं, माय. कशाला गावात हसं करून घ्यायचं?" बायको वाढत होती, तिच्यासमोर म्हणाला. मी म्हटलं, "तू पोटातनं बाहेर आलास तवा लई बारीक होतास, गाव हसलं होतं. म्हणून तुला परत ठिवला का?" सुनेनं त्याला दुसरी भाकरी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "तुझ्या पर्समधी तो कागद आहे, तो दे."

सरांनी सुरुवातीला सगळ्यांना एकेक झेरॉक्स वाटली होती. धाराशिवच्या कुठल्याशा ग्रंथालयातलं जाडजूड पुस्तक आणून, त्यातलं जुन्या काळच्या अंगरख्याचं चित्र. तेव्हा त्यांना वाटत होतं की कपडे तसे शिवून घेऊ. मग भाड्याचं सोपं पडलं. कागद मात्र सुनेनं जपून ठेवला होता, चार घड्या घालून.

मी चष्मा लावून बघितलं. कुणीतरी जुना अंगरखा उसवून त्याचे भाग मांडून काढावेत तसं चित्र होतं. पाठ एक, पुढचे दोन, छातीवरचा आतला पडदा, घेराच्या कळ्या, बाह्या, आणि काखेत घालायचा लहान चौकोनी तुकडा. सगळं मिळून माझ्या तळहाताएवढं. आणि सगळ्या कागदावर बारीक बारीक चौकोन आखलेले, पोरांच्या गणिताच्या वहीत असतात तसे. खाली इंग्रजीत काही लिहिलं होतं. ते मुलाकडून वाचून घेतलं. एक चौकोन म्हणजे एक इंच.

"म्हणजे एवढं इवलंसं चित्र इंचाइंचानं मोठं करायचं, माय," मुलगा म्हणाला. "त्याला कॉम्प्युटर लागतो."

"रांगोळीला लागतो का?"

त्याला कळलं नाही. त्यानं कधी रांगोळी काढली नाही. ठिपक्यांची रांगोळी मासिकात बोटाएवढी छापलेली असते आणि दारात हातभर काढायची असते. बायका काय करतात? ठिपके मोजतात, आणि दोन ठिपक्यांतलं अंतर वाढवतात. कमळ लहान काढा, मोठं काढा, ठिपके तेवढेच. या कागदावरही चौकोनाचे कोपरे म्हणजे ठिपकेच होते. रेघ कुठल्या ठिपक्यापासून कुठल्या ठिपक्यापर्यंत जाते एवढं बघायचं. त्याला इंग्रजी लागत नाही.

प्रश्न एकच होता. इंचाला इंच धरला तर अंगरखा चित्रातल्या माणसाच्या मापाचा होणार, आणि तो माणूस बारीक असणार हे दिसतच होतं. सुनेला किती वाढवायचा? मी तिच्याकडं टेप घेऊन गेले तर ती म्हणाली, "नाटक सोडलंय मी. माप कशाला?" आणि आत गेली. मग मी अंदाजानं गेले. ठिपक्यात दीड इंच अंतर धरलं.

अंगणातली शहाबादी फरशी धुऊन घेतली, सुकू दिली. रांगोळीत गेरू मिसळला, कारण पांढऱ्या कापडावर पांढरी रेघ दिसत नाही. गुडघे दुखतात, म्हणून पाटावर बसून पाट सरकवत सरकवत ठिपके टाकले. समोरून जाणारी एक बाई थांबली. "काकू, एवढी मोठी रांगोळी? कोण यायचंय?"

"किल्लेदार."

"कोणत्या खात्याचे?"

"चाव्यांच्या."

ती मान डोलवत गेली.

ठिपके जोडून सगळे भाग फरशीवर उतरले. मग नवऱ्याचं एक जुनं धोतर होतं, ते पाण्यात भिजवून पिळलं आणि वरून अलगद अंथरलं. हातानं थोपटलं. उचललं तर रेघा धोतरावर उठलेल्या. रेघ उलटी उठते, डावीचं उजवीकडं जातं, पण ते मला माहीत होतं. कापड पालथं केलं की सरळ. वाळल्यावर कापलं आणि कच्चे टाके घातले. दुपारपर्यंत अंगरखा उभा राहिला आणि मला वाटलं, झालं काम.

सुनेला हाक मारली. "घालून बघ. तुझ्यासाठी न्हाय, माझ्यासाठी. मला बघायचंय जमलं का."

तिनं घातला. छातीवरून आला, पोटावरून आला, मागं झाकलं. आणि तेवढ्यात गळा दोन्ही खांद्यांवरून खाली घसरला. खांद्याची शिवण कोपराला आली. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या आणि घेर फरशीवर लोळत होता. ती खाली बघत राहिली.

"आत्या, ह्यो अंगरखा न्हाय. मंडप आहे." हसून म्हणाली असती तर बरं होतं. हसली नाही. "राहू द्या. माझ्या मापाचं काय होत नसतंय. धोतर फुकट गेलं तुमचं."

"धोतर तुझ्या सासऱ्याचं. त्याला आता लागत न्हाय."

ती आत गेली. मी त्या मंडपाकडं बघत बसले. कमळाची रांगोळी वाढवली तर ते मोठं कमळ होतं, कारण ते सगळीकडून सारखं वाढतं. माणसाचं अंग तसं वाढत नाही. पोट वाढतं, छाती वाढते, दंड वाढतात. मानेचं हाड जिथं आहे तिथंच राहतं. हात लांब होत नाहीत. जाड बाई म्हणजे मोठी काढलेली बारीक बाई नव्हे. तयार कपडे विकणारे ही चूक रोज करतात, आणि मग म्हणतात तुमच्या मापाचं येत नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म गेला माझा त्यात. पण माप नसलं की टेलर आणि रांगोळीवाली यांत फरक राहत नाही.

मी आत गेले. ती शेंगा निवडत होती.

"माप दे."

"नजरेनं घ्या की. सगळं गाव नजरेनंच घेतंय."

"गावाला शिवायचं न्हाय. मला शिवायचंय."

ती शेंगा निवडत राहिली. खाली बघतच म्हणाली, "तुम्ही माप घेताना वरडता."

ते खरं आहे. सासऱ्यांच्या दुकानात एक जण माप घ्यायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, दुसरा लिहून घ्यायचा. दुसरा कधीच गेला, सवय राहिली. मी ओट्यावर बाईचं माप घेते आणि रस्त्यापर्यंत आकडा जातो. त्यात माझ्या मनात काही नसतं. पण आकडा ज्याचा असतो त्याच्या मनात असतं, हे तिनं म्हटल्यावर मला पटलं.

मी टेप खुंटीला लावली आणि परकराची एक नाडी घेतली. "उठ. आकडाच न्हाय. मलाबी कळणार न्हाय."

ती उठली. दार लावलं. मी छातीभोवती नाडी धरली आणि जिथं टोक मिळालं तिथं गाठ मारली. पोटाला दुसरी गाठ. दंडाला, पाठीच्या रुंदीला, गळ्याला. प्रत्येक गाठीला निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधला, म्हणजे कुठली कशाची ते कळावं. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती. इतकी वर्षं एका घरात राहून तिच्या पाठीला माझा हात पहिल्यांदाच लागत होता. शेवटी तिनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "श्वास सोड आता. पोट आत ओढून दिलेल्या मापाचा कपडा तालमीत उसवतो." तिनं श्वास सोडला आणि मी पोटाची गाठ नव्यानं मारली.

दुसऱ्या वेळी मी ठिपके सारखे टाकले नाहीत. गळ्याच्या आणि खांद्याच्या ओळी इंचाला इंच ठेवल्या, चित्रातल्या माणसाच्याच. तिचा गळा त्याच्यापेक्षा फार मोठा नव्हता, नाडीवरच्या गाठीनं तेच सांगितलं. छातीच्या ओळीपासून ठिपके हळूहळू आडवे लांब करत नेले, नाडी वर धरून, गाठ येईपर्यंत. बाहीची लांबी तशीच, रुंदी दंडाच्या गाठीएवढी. काखेतला तुकडा दुप्पट केला. घेराच्या कळ्यांची रुंदी वाढवत बसले नाही, दोन्ही बाजूंना एकेक कळी जास्तीची घातली. ज्यानं तो पहिला अंगरखा शिवला असेल त्यानंही त्याच्या गावातल्या जाड माणसाला तसंच शिवलं असणार. जुन्या काळी सगळे बारीक होते असं थोडंच आहे. पुस्तकात बारीक माणसाचा आला, कारण तो टिकला. जाड माणसाचं कापड जास्त, त्याची पुढं पोरांची झबली होतात.

नाडीच्या गाठी सुनेनं स्वतः सोडवल्या आणि नाडी परत परकरात ओवून टाकली.

कापड तिनंच आणलं. जाड सुती, बिनचमकीचं, ताकासारख्या रंगाचं. शिवून झाल्यावर तिनं आतला पडदा लावला, वरचा भाग ओढून काखेखाली बंद बांधले. मी म्हटलं, "हात वर कर." तिनं फडताळावरचा कुरड्यांचा डबा काढून दाखवला. एक टाका करकरला नाही. मग तिनं डबा काखेत धरून आपल्याच स्वयंपाकघराकडं असं बघितलं, जसं काही ते तिच्याकडं कुणी मागायला आलं होतं.

"आता तालमीला चल," मी म्हटलं.

"पिशवीत घेते."

"पिशवीत कशाला? घालूनच चल."

"बाजारातनं?"

"दुसरा रस्ता आहे का?"

मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "गाडीवर सोडतो की मी, लवकर पोचताल." तिनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चालत जाते. घेर सायकलीत अडकतो, गाडीत तर गुंडाळंल." आणि निघाली. मी मागून काठी टेकत गेले.

बाजाराचा दिवस नव्हता, तरी माणसं होती. बघायचे ते बघत होते. दोन पोरींनी मोबाइल काढले. हॉटेलवाला कढईवरून ओरडला, "वहिनी, कुठल्या स्वारीवर?"

"तालमीला," ती चालता चालताच म्हणाली. "चहा ठिवा. येताना घेऊ आम्ही."

मंगल कार्यालयात तालीम चालू होती. पार्लरवाली सॅटिनचा निळा अंगरखा घालून उभी होती. कमरेला तो इतका सैल होता की मागून चिमटे लावले होते. आम्ही आत गेलो तशा सगळ्या वळून बघायला लागल्या. सरांनी चष्मा वर केला. "अरे वा. आजी, तुम्ही शिवलात? छान जमलाय. पुस्तकातला वाटतो."

"पुस्तकातलाच आहे. थोडा खात्यापित्या घरचा."

"पण आता पात्रं ठरलीत ना," सर म्हणाले. "आणि बाकी सगळ्यांचे कपडे चमकदार, यांचा साधा. एकत्र बरं दिसणार नाही."

मी खुर्ची ओढून बसले. "सर, कपडा बसंना म्हणून तिला काढलं होतं. आता बसला. दुसरं काय कारण असंल तर तिच्या तोंडावर सांगा. मी बसलेय ऐकायला."

सर चांगले गृहस्थ आहेत. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, म्हणून अडकले. कागद इकडून तिकडं केले. मग म्हणाले, "गैरसमज करून घेऊ नका. प्रसंग असा आहे की किल्ल्यात अन्न नाही. किल्लेदार उपाशी आहे. अशा वेळी प्रेक्षकांना… म्हणजे आपले लोक कसे आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. हसतील."

निघालं एकदाचं. मी काही बोलणार तेवढ्यात सूनच पुढं झाली.

"सर, वेढा पडून किती दिस झालेत नाटकात?"

"पंधरा."

"मी श्रावणातले सगळे सोमवार करते, नवरात्राचे नऊ दिस करते, चतुर्थ्या करते. पाव किलो उतरत न्हाय. पंधरा दिसात कोण वाळतंय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच हसल्या, सरसुद्धा. सून हसली नाही. "अन् हसले तर हसू द्या. मला हसतील, तुम्हाला न्हाय. मी उभी ऱ्हाते."

पार्लरवाली मात्र भडकली, आणि तिचंही बरोबर होतं. "म्हंजी काल घे म्हणायचं, आज दे म्हणायचं. मी काय खेळणं आहे का? मीबी पाठ केलंय." सरांनी तिला शत्रूचा सरदार देऊ केला. ती म्हणाली, नको मला कुणाचं उरलेलं. चिमटे काढून टेबलावर ठेवले आणि निघून गेली. मी तिला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार? तिचा काही दोष नव्हता, आणि आम्हीही माघार घ्यायला आलो नव्हतो. अजून ती आमच्याशी बोलत नाही. सुनेला भुवया करायला आता कुर्डुवाडीला जावं लागतं.

सरांनी टेबलावरचे चिमटे बाजूला सारले. मग म्हणाले, "म्हणा बघू चौथा प्रवेश." तिनं म्हटला. झाल्यावर सर एवढंच म्हणाले, "उद्या वेळेवर या." येताना आम्ही चहा घेतला. हॉटेलवाल्यानं दोन बाकडी जोडून दिली, तिनं एकावरच बसून दाखवलं.

नाटकाच्या दिवशी लोक हसले. हे मी लपवणार नाही. ती मंचावर आली आणि मागच्या पोरांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "किल्ल्यातलं धान्य कुणी खाल्लं ते कळलं." मग सगळा मांडव हसला, पुढच्या रांगेतली प्रतिष्ठित माणसंसुद्धा. माझा मुलगा शेजारी बसला होता, तो मान खाली घालून मोबाइल बघायला लागला. मी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि माझ्या मांडीखाली ठेवला. "वर बघ," म्हटलं.

ती मंचावर थांबली. काही बोलली नाही, हललीही नाही. अंगरखा तिच्या अंगावर चापून बसला होता, कुठं ताणलेला नाही, कुठं लोंबत नाही. तो ओढायला, सारखा करायला तिला हात लावावा लागत नव्हता, म्हणून हात मोकळे होते, आणि ते तिनं कमरेवर ठेवले. मांडव हसत होता आणि ती त्यांच्याकडं बघत होती, जसं मी उधारीच्या गिऱ्हाइकाकडं बघते. हसणारा माणूस फार वेळ एकट्यानं हसू शकत नाही. पुढची रांग आधी गप्प झाली. मग बायका. मग मागची पोरं. सगळं शांत झाल्यावरही ती आणखी थोडी थांबली. हे सरांनी शिकवलेलं नव्हतं.

मग तिनं तोंड उघडलं. मांडवाबाहेर भेळवाला होता, तोसुद्धा आत येऊन उभा राहिला.

मी रडले-बिडले नाही. माझं लक्ष काखेतल्या तुकड्याकडं होतं. ती तलवार वर करायची तेव्हा तो बरोबर उघडायचा आणि हात खाली आला की मिटायचा.

घरी आल्यावर तिनं अंगरखा वाळत घातला आणि भाजीत मीठ जास्त टाकलं.

या वर्षी गटाच्या बाया पुन्हा आल्या. नाटक दुसरं आहे, त्यातही एक सरदार आहे, आणि ते काम यंदा दुसऱ्या बाईला द्यायचंय. सून यंदा गोष्ट सांगणारी आहे. गटाची अध्यक्ष ओट्यावर बसून म्हणाली, "काकू, तो अंगरखा गटाच्या पेटीत ठिवू. दोन्ही बाजूंनी जरा आत घेतला की कुणालाबी होईल."

"कुणालाबी व्हायला ती गोधडी न्हाय."

"अवं, चार शिवणी तर मारायच्या. एवढं कापड पडूनच ऱ्हाणार."

"पडू दे."

सून आतून ऐकत होती. पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली, सगळ्यांना दिले, आणि दाराला टेकून उभी राहिली. अध्यक्ष तिच्याकडं बघत म्हणाली, "तुम्ही तरी सांगा की सासूबाईंना."

"त्यांची कातर आहे," सून म्हणाली.

मी कागद काढून अध्यक्षबाईच्या हातात दिला, तोच, घड्या पडलेला. "हे चित्र घ्या. कापड आणा. अन् जी बाई सरदार होणार आहे तिला घेऊन या, बारीक असो का जाड. तिच्या अंगाचा शिवून देते. हिचा आत घेणार न्हाय."

ती बाई दुसऱ्या दिवशी आली. लाजत होती. मी टेप खुंटीलाच राहू दिली आणि नाडी घेतली.